हुजूरपंजाच्या हातमोज्यांची बखर

॥ श्री ॥ जें डोळ्यांनीं दिसलें, हातांनीं मोजलें आणि दुसऱ्यानें मोजलें तरी तितकेंच भरलें, तेवढेंच लिहिण्याची बुद्धि जी देवता देते तिला, ती असल्यास, प्रथम नमन. नसल्यास ही ओळ वाचणारानें सोडून द्यावी. पुढील मजकुरास बाध येत नाहीं. राज्यशक चौऱ्याण्णव, विलंबी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयीं राज्य सुखरूप होतें ऐसें कागदोपत्रीं आहे. राज्य दो भागीं वसलें होतें, खालीं मुलूख आणि घाटापलीकडे ठाणें, आणि मधें कावळखिंड, जेथें थंडीचे दिवसांत पाऊस आणि हिम एकत्र पडे आणि वारा कोणत्या बाजूनें येईल याचा नेम नसे. पलीकडच्या ठाण्यास औषधांची डाक फटफटीवरून जात असे, कारण मोठी गाडी खिंडींतील वळणांत मावत नसे. मागील हिंवाळ्यांत या डाकेवरचा स्वार सुभानजी ढमाले वळण चुकून दरींत गेला. लोक म्हणाले, खिंडीच्या देवीचा कोप जाहला. परंतु फटफटी वर काढली तेव्हां तिचे ब्रेक साबूत होते, आणि गारठलेलीं बोटें ब्रेक दाबीत नाहींत, यास देवीची गरज पडत नाहीं. मग त्याची जागा धाकटा भाऊ निळोजी ढमाले यास मिळाली, आणि भावजय, तिचीं लेंकरें आणि स्वतःचें पोट इतकीं सर्व त्याच्या दोन हातांवर आलीं. आणि दरबारांत ठराव जाहला कीं, ऐन हिंवाळ्यापूर्वीं स्वारांसाठीं थंडी-पाण्यांत टिकतील ऐसे हातमोजे निवडावे.

आतां ते राज्याची एक चाल सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व अनर्थ तींतून निघाला. नवे हुजूर तख्तावर बसले म्हणजे त्यांचा उजवा पंजा गंधांत बुडवून पितळी पत्र्यावर उठवावा, मग सोनारानें ती आकृति खोदावी, आणि तो पत्रा राज्याचें मूळ माप ठरावा. त्यास हुजूरपंजा म्हणत. वीट तितकी, भाकरी तितकी, दाराची रुंदी पंजांवर, कापड पंजांवर आणि वाटसुद्धां पंजांवर. मूळपुरुषांचा पंजा थोर होता ऐसें सांगतात. जुन्या तटाच्या विटा पाहतां तें खरें असावें. पुढें पिढीगणिक पंजा उतरत आला, आणि विद्यमान हुजुरांचा हात तर नाजूक आणि बोटें आंखूड, त्यामुळें त्यांच्या राज्यारोहणाच्या दिवशीं सर्वांची भाकरी लहान जाहली आणि घाट, एकही दगड न हलतां, लांब जाहला. कोणी कांहीं बोलिलें नाहीं. भाकरी लहान म्हणणें म्हणजे हुजुरांचा हात लहान म्हणणें, आणि त्या अपराधाचें शासन वेगळें लिहून ठेविलें होतें.

मग हातमोज्यांची सभा भरली आणि तीन सौदागर आपापला माल घेऊन हजर जाहले. पहिल्यानें कापूस भरलेले जाड मोजे आणिले, आणि ते इतके ऊबदार कीं फौजेच्या बक्षींनीं घालून पाहिले आणि त्यांस तेथेंच डुलकी लागली. परंतु त्या मोज्यांनीं ब्रेकाची कांडी हातांत आली कीं हँडल आलें हें समजत नसे. दुसऱ्यानें रबरी मोजे आणिले, ज्यांतून बाहेरचें पाणी आंत येत नसे आणि आंतील घामही बाहेर जात नसे, म्हणून हात भिजावयाचा तो भिजेच, फक्त स्वतःच्या पाण्यानें भिजे. तिसऱ्यानें चामड्याचे मोजे आणिले आणि सांगितलें कीं, याच्या अस्तरांत एक पातळ पडदा आहे, तो पाणी येऊं देत नाहीं आणि वाफ जाऊं देतो. यावर सभेंत बहुत वाद जाहला. कोणी म्हणाले तांबडा रंग घ्यावा, कारण तांबडा उष्ण. कोणी म्हणाले मनगटावर गोंडा असावा, म्हणजे स्वार दुरून ओळखूं येईल. आणि एका वृद्ध मानकऱ्यांनीं सांगितलें कीं, त्यांचे तरुणपणीं स्वार हातास मोहरीचें तेल लावून जात आणि एकाचीही तक्रार आली नाहीं. त्यांपैकीं किती परत आले, हें कोणी विचारिलें नाहीं. मग हुजूर स्वतः परीक्षेस बसले, कारण राज्यांत कोणतीही नवी वस्तु प्रथम हुजुरांच्या अंगास लागावी ऐसा शिरस्ता. सदरेवर उभ्या फटफटीवर बसून त्यांनीं हुजूरपंजी मापाचा चामडी जोड घातला आणि हात खालीं सोडिले, आणि मानकऱ्यांनीं चांदीच्या झारीनें वरून कोमट पाणी घातलें, आणि तें बोटांवरून ओघळून गालिच्यावर गेलें. मोजा काढिला तों हात कोरडा. सभेनें वाहवा केली. शेगडी हुजुरांच्या उजव्या अंगास होती, हें लेखकानें स्वतः पाहिलें आहे.

ते सभेंत द्वारकाबाई पारखी हजर होत्या. कापड, चामडें, दोर आणि तराजू यांची परीक्षा त्यांच्याकडे असे, आणि त्या कोणत्याही गोष्टीस दोनदां पाहिल्यावांचून हो म्हणत नसत, म्हणून त्यांस सणासुदीस कोणी बोलावीत नसे. त्यांनीं अर्ज केला कीं, खिंडींत वारा समोरून येतो, हात खालीं सोडलेले नसतात तर पुढें धरलेले असतात, पाणी गार असतें आणि शेगडी नसते; तरी एकवार तशा रीतीनें पाहूं द्यावें. अंताजीपंत कारभारी यांनीं परवानगी दिली, कारण परीक्षेची परवानगी देणें सोपें असतें, निकाल मानणें निराळें. मग बाईंनीं लोहाराचा मोठा भाता आणवून फटफटीसमोर मांडिला आणि बर्फाच्या पाण्याच्या झाऱ्या ठेविल्या, आणि नियम केला कीं, स्वारानें मोजा घालून हँडल धरून बसावें, मग मोजा काढून तत्काळ अंगरख्याची गुंडी लावावी. लागली तर बोटें कामाचीं, न लागली तर गेलीं. निळोजीस प्रथम बसविलें, कारण हात त्याचे जाणार होते. तो थोर हाडाचा आणि त्याचीं बोटें लांब. पहिल्या खेपेस गुंडी लागेना तेव्हां तो म्हणाला, "बाई, ही थंडीनें अडली नाहीं. माझ्या भावजयीनें काजच लहान शिवलें आहे. तिचाही माझ्यावर राग आहे." बाई हंसल्या नाहींत. त्यांनीं त्यास आंत नेऊन हात शेकविले आणि तीच गुंडी लावण्यास सांगितली, आणि ती लागली. मग तो पुन्हा थट्टा करीना. त्यानंतर आणखी स्वार बसविले, कारण एका हाताचें घडलें ती गोष्ट, निकाल नव्हे. शेवटीं निघालें तें ऐसें. जाड मोज्यांत ब्रेक समजत नाहीं, रबरी मोजा आंतून भिजतो. चामडी मोज्याचा पडदा खरोखर पाणी अडवितो, परंतु वरचें चामडें पाणी पितें, आणि भिजल्या चामड्यावरून वारा गेला म्हणजे हात कोरडा असूनही गारठतो. तोच मोजा सैल असून बाहीवरून चढेल इतका लांब असला तर बहुत टिकतो. आणि हुजूरपंजी मापाचा असला तर अस्तर दाबून ऊब मरते, रक्त अडतें, मनगटाशीं फट राहून बाहींतील पाणी आंत उतरतें, आणि बोटें जवळजवळ उघड्या हाताइतक्याच लौकर जातात. आणि सर्वांहून चांगलें हें कीं, हँडलावरच रेक्झिनची खोळ बांधावी आणि हात मोज्यासकट तींत घालावा. मग वारा मोज्यापर्यंत पोंचतच नाहीं, आणि साधा लोकरी मोजाही पुरतो.

हा निकाल घेऊन बाई सदरेवर गेल्या. खोळीचें नांव निघतांच पंतांनीं विचारिलें कीं, ही खोळ हातास बांधतात कीं हँडलास. बाईंनीं सांगितलें, हँडलास. तेव्हां पंत म्हणाले कीं, ही सभा हातमोज्यांची आहे. हँडल फटफटीखान्यांत मोडतें, आणि फटफटीखान्याची सभा होळीनंतर असते. मग सैल मोज्याची गोष्ट निघाली. हुजूर आपल्या हाताकडे पाहूं लागले. पंतांनीं बहुत सौम्य सुरांत विचारिलें, "बाई, एवढें स्पष्ट करा. मोजा लहान आहे, कीं स्वाराचा पंजा मोठा आहे?"

बाई म्हणाल्या, "पंत, लहान-मोठें हें दोहोंमधलें नातें आहे. एकट्या मोज्याचा तो गुण नव्हे."

"म्हणजे पंजा मोठा," पंत म्हणाले, आणि चिटणीसाकडे वळून, "लिहा."

तें लिहिलें गेलें. तिसऱ्या सौदागराचे मोजे हुजूरपंजी मापाचे पसंत जाहले, गोंड्यासह, आणि आज्ञा निघाली कीं, डाकेच्या स्वारानें सरकारी मोज्यावांचून दुसरें कांहीं हातास लावूं नये, कारण तसें केल्यास सरकारी मोजा उणा आहे ऐसा बोभाटा होईल. निळोजीनें तेथेंच जोड घालून पाहिला. बोटें टोंकास जाऊन दुमडलीं आणि मूठ पुरती मिटेना. तो सदरेवरून उतरतांना बाईंस म्हणाला कीं, हे मोजे त्याच्या मेव्हण्याच्या घरीं बारसें आहे तेथें आहेरास चांगले. परंतु हें बोलतांना तो बोटें चोळीत होता. बाई घरीं आल्या आणि जुन्या ताडपत्रीच्या दोन खोळी स्वतः शिवल्या, आणि फटफटीच्या हँडलावर बांधून दिल्या. हें आज्ञेविरुद्ध होतें कीं नव्हतें, यावर मत देतां येतें. खोळ हातास लावलेली नव्हती.

पौष मासीं पलीकडच्या ठाण्यांत घटसर्पाची सांथ आली आणि पोरांचे गळे बंद होऊं लागले, आणि वैद्यांचा निरोप आला कीं, औषध सत्वर न आलें तर पाठविण्याचें कारण उरणार नाहीं. त्या दिवशीं खालीं पाऊस होता, म्हणजे वर हिम. निळोजीस नाहीं म्हणतां आलें असतें. मागील शकांत एका स्वारानें तसें म्हटलें होतें आणि त्यास कोणी दोष दिला नव्हता. निळोजीनें विचारिलें, पोरें किती लहान. मग तो निघाला. घाटाच्या पायथ्याशीं चौकी होती आणि तेथें भिवा नाईक. नाईक वाईट मनुष्य नव्हता. त्यानें निळोजीस उतरवून चहा दिला, आणि निळोजी तो न पितां नुसता दोन्ही हातांत धरून बसला, आणि नाईकानें तोंवर फटफटीभोंवतीं फिरून आज्ञापत्राशीं ताळा घेतला. मग खोळीपाशीं येऊन थांबला.

"निळोबा, हें कागदांत नाहीं."

"नाईक, तें हँडलाचें आहे. मी हातास कांहीं लाविलेलें नाहीं."

"हात आंत जातो ना?"

"जातो."

"मग हातास लाविलें," नाईक म्हणाला, आणि गांठी सोडूं लागला, आणि सोडतां सोडतां म्हणाला कीं, गेल्या सालीं त्याच्या आधींच्या नाईकानें ऐसेंच एकास सोडलें आणि आतां तो नाईक मिठागरावर शिक्षेस आहे. "मला शिव्या दे. पण मनांत दे, माझी माणसें ऐकतात."

निळोजीनें शिव्या दिल्या नाहींत. मोजे घालीत, दातांनीं ओढून बसवीत, म्हणाला, "शिव्या कशास, नाईक. बोटांना सांगतों, हुजुरांचा हुकूम आहे, गारठूं नका." मग तो चढून गेला आणि नाईक खोळी हातांत घेऊन उभा राहिला. त्या खोळी पुढें चौकीवर चहाच्या किटलीवर घालीत ऐसें कळतें. किटली गरम राहते.

घाटांत जें घडलें तें निळोजीनें पुढें सांगितलें, आणि बाईंच्या परीक्षेशीं तें जुळतें, म्हणून लिहितों. देहाचा कारभार दरबारासारखाच चालतो. खजिना उणा पडला म्हणजे काळीज राखावें म्हणून दूरच्या गांवांची रसद प्रथम तोडितात, आणि बोटें हीं सर्वांत दूरचीं गांवें. आधीं बोटें दुखूं लागलीं आणि त्यास बरें वाटलें, कारण दुखतें तोंवर आहे. मग दुखणें थांबलें. चामडें भिजून जड जाहलें, बाहींतलें पाणी मनगटाच्या फटींतून आंत उतरलें, आणि पडद्यानें तें इमानानें आंतच राखिलें, कारण पाणी अडविणें एवढेंच त्यास शिकविलेलें होतें. वरच्या वळणावर औषधाच्या पेटीची वादी सुटली आणि ती बांधण्यास त्यानें उजवा मोजा काढिला, तों ओल्या हाताबरोबर अस्तर उलटून बाहेर आलें. तें बोटांशीं बोट जुळवून पुन्हा आंत बसविण्यास जीं बोटें लागतात तींच त्याजपाशीं उरलीं नव्हतीं. मग त्यानें अस्तराचा बोळा आंत तसाच राहूं देऊन मोज्यांत अर्धा हात कोंबला, आणि तसा निघाला. उतारावर ब्रेक दाबला कीं नाहीं हें बोटें सांगेनात, म्हणून प्रत्येक वळणावर तीं मिटलीं कीं कसें हें डोळ्यांनीं पाहावें लागे. आणि डोळे बोटांकडे लागले म्हणजे वाट कोणी पाहावी. जेथें सुभानजी गेला तें वळण केव्हां आलें आणि केव्हां मागें पडलें, हें त्यास सांगतां आलें नाहीं. तो म्हणे, त्या वेळीं उजव्या हाताकडे पाहत होतों.

पेटी ठाण्यांत पोंचली आणि औषध दिलें गेलें आणि बहुतेक पोरें वांचलीं. औषधानें वांचलीं कीं आपसूक, हें निश्चयानें सांगण्यास औषध न दिलेलीं पोरें मोजावीं लागतात, आणि तीं त्या वर्षीं सुदैवानें नव्हतीं. निळोजीचे मोजे निघेनात तेव्हां वैद्यांनीं ते कातरीनें कापिले. लोकांनीं त्यास शेकोटीपाशीं ओढिलें, आणि वैद्यांनीं रागावून मागें घेतलें, कारण बधिर हात भाजला तरी समजत नाहीं. आणि कोमट पाण्यांत हात धरून बसविलें, आणि तेव्हां तो प्रथमच ओरडला. डावा हात ताळ्यावर आला. उजव्याचीं चार बोटें टोंकांकडून काळीं पडलीं, आणि वैद्यांनीं बहुत वाट पाहून शेवटीं एकेक पेर उतरविलें.

फाल्गुनांत त्यास दरबारीं बोलाविलें. हुजूर तख्तावरून उतरून त्याजपाशीं आले, आणि हें त्यांनीं मनापासून केलें. ते दयाळू होते, ही गोष्ट या बखरींत दुसरीकडे कोठें आली नसल्यास दोष लेखकाचा. सत्कारास शेला, नारळ आणि हातमोज्यांचा नवा जोड, गोंडे जरीचे. हुजुरांनीं स्वतःच्या हातांनीं त्याच्या उजव्या पंजावर मोजा चढविला, आणि तो चढला. बोटें मोज्याच्या टोंकास जाऊन भिडलीं, दुमडलीं नाहींत, आणि मूठ पुरती मिटली. सदरेवर प्रथम कोणास समजलें नाहीं. मग समजलें, आणि वाहवा उठली.

पंत द्वारकाबाईंकडे वळले. "बाई, आतां काय म्हणतां?"

"हात बदलला, पंत."

"मोजा तोच ना?"

"मोजा तोच."

"झालें तर," पंत म्हणाले, आणि चिटणीसाकडे पाहिलें. चिटणीस आधींच लिहीत होता. बाईंनीं पुढें बोलण्यास तोंड उघडलें आणि निळोजीकडे पाहिलें, आणि तो मोजा घातलेला हात उघडीत होता आणि मिटीत होता, आणि त्याच्या मुद्रेवर राग नव्हता, केवळ कुतूहल होतें, जसें दुसऱ्याच्या हाताविषयीं असावें. मग त्या सदरेवरून उतरल्या. पुढें वर्षभरांत त्यांनीं पारखीपणाचा राजीनामा दिला, तो हुजूरपंजी कागदावर लिहिला नसल्यामुळें परत आला, आणि त्या अद्याप पारखी आहेत.

निळोजीस पुन्हा डाकेवर जातां येईना. त्यास फटफटीखान्याच्या दारीं नेमणूक मिळाली, काम हेंच कीं, हिंवाळ्यापूर्वीं स्वारांस सरकारी मोजे वांटावे, आणि कोणी माप उणें म्हणेल त्यास आपला उजवा हात मोज्यांत घालून दाखवावा. फटफटीखान्याची सभा होळीनंतर भरली होती, आणि तींत खोळीचा विषय निघाला होता; परंतु मोजे आतां निर्दोष ठरले असल्यानें खोळीचें प्रयोजन उरलें नाहीं ऐसें ठरून तो मिटला. कार्तिकांत नवा डाकस्वार, हरबा शेलार नांवाचा, लांब हातांचा, दारीं आला. त्यानें जोड घेतला, बोटें घातलीं, काढिलीं, पुन्हा घातलीं, आणि म्हणाला, "दादा, तुला बसतो. मग मलाच कसा बसत नाहीं?"

निळोजीनें त्याचा हात आपल्या डाव्या हातांत घेऊन उलटसुलट पाहिला. मग सोडला.

"बसेल," तो म्हणाला. "एक हिंवाळा जाऊं दे."

घडलें तितकें लिहिलें. जें सिद्ध करतां आलें नाहीं तें गाळलें, त्यामुळें बखर आंखूड जाहली. खिंडींत अद्याप हिम पडतें, मोजे अद्याप त्याच मापाचे आहेत, आणि हुजुरांचें वय जाहलें असून युवराजांचा पंजा, ज्यांनीं पाहिला ते सांगतात, त्याहूनही लहान आहे. लेखकानें तो मोजलेला नाहीं.